पुण्याची हवा: डोंगर, ऋतू आणि पहाटेचं झाकण

प्रश्न असा आहे: पुण्याभोवती एवढे डोंगर, शहरात एवढ्या टेकड्या, तरी डिसेंबर-जानेवारीत सकाळी हवा इतकी खराब का होते? गाड्या तर बाराही महिने तेवढ्याच धावतात. आणि मग फिरायला, पळायला जायचं तरी किती वाजता?

आधी थोडक्यात सांगतो. धूर वर्षभर थोड्याफार फरकाने तेवढाच निघतो, पण तो मावायची जागा ऋतूप्रमाणे आणि तासाप्रमाणे दहा-वीस पटींनी कमी-जास्त होते. डोंगर म्हणजे त्या जागेच्या भिंती, आणि थंडीतली निश्चल हवा हे तिचं झाकण. त्यामुळे पुण्यासारख्या गावात 'किती जाळलं' याच्याइतकंच 'किती वाजता आणि कुठे जाळलं' याला महत्त्व आहे. बाकीची सगळी उत्तरं यातूनच निघतात.

दिवसा ऊन जमिनीला तापवतं, जमीन तिच्यालगतच्या हवेला तापवते, आणि ती हलकी झालेली हवा वर चढते. कोरडी हवा वर चढताना दर किलोमीटरला सुमारे ९.८ अंश सेल्सिअसने थंड होते. वरची हवा तिच्यापेक्षा थंड असेल तोवर ही चढण चालू राहते आणि धूर तिच्याबरोबर वर जाऊन पातळ होतो. ही घुसळण जिथपर्यंत पोचते त्या उंचीला मिक्सिंग हाइट म्हणतात. एप्रिल-मेच्या दुपारी दख्खनच्या पठारावर ती दोन-तीन किलोमीटरपर्यंत जाते.

रात्री उलटं होतं. सूर्य मावळला की जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते. आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असेल तर हे फार झपाट्याने होतं. जमिनीलगतची हवा गार पडते आणि वरची त्या मानाने उबदार राहते. भूगोलाच्या पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात, बोलताना आपण इन्व्हर्जन म्हणतो. गार हवा जड असते, ती वर चढत नाही. तिच्यात सोडलेला धूरही चढत नाही. हिवाळ्यातल्या पहाटे हे झाकण शे-दोनशे मीटरवर येऊन बसलेलं असतं.

आता आकडे मांडून बघा. दहा किलोमीटर लांब, दहा किलोमीटर रुंद असं शहर धरा आणि झाकण १५० मीटरवर. आतली हवा झाली १५ घनकिलोमीटर. त्यात एक टन सूक्ष्म कण सोडले आणि ते सगळीकडे सारखे पसरले, तर दर घनमीटरला सुमारे ६७ मायक्रोग्रॅमची भर पडते. अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक अशा या कणांना पीएम २.५ म्हणतात. आपल्याकडे त्यांची चोवीस तासांची मर्यादा ६० आहे, म्हणजे ती ओलांडली. झाकण १,५०० मीटरवर असेल तर तोच एक टन धूर फक्त ६.७ मायक्रोग्रॅम वाढवतो. तीच गाडी, तोच कचरा, तीच भट्टी, आणि परिणाम दहापट वेगळा.

हे डोळ्यांनी दिसतं. डिसेंबरात सकाळी सात-सव्वासातला वेताळ टेकडीच्या माथ्यावरून कोथरूड-डेक्कनकडे पाहा. शहर सुमारे ५६० मीटरवर आहे, टेकडीचा माथा ८०० मीटरच्या आसपास. खाली इमारतींवर तपकिरी-करड्या रंगाची साय धरलेली असते आणि तिची वरची कड जवळजवळ पट्टीने आखल्यासारखी सरळ असते. कड संपली की वर लगेच स्वच्छ निळं आकाश. कुठे शेकोटी किंवा भट्टी पेटलेली असेल तर तिच्या धुराची रेघ थोडी सरळ वर जाते, त्या कडेपाशी पोचते आणि आडवी होऊन पसरते. ती कड म्हणजेच झाकण. अशा पहाटे लांबच्या रेल्वेची शिटी नेहमीपेक्षा स्पष्ट ऐकू येते, त्याचंही कारण हेच: वरच्या उबदार थरामुळे आवाज वर निसटून न जाता खाली वळतो.

आता डोंगरांकडे येऊ. पुण्याला वाटी म्हणतात, पण ती पूर्ण वाटी नाही. दक्षिणेला सिंहगडापासून भुलेश्वरकडे जाणारी रांग आहे, तिच्यातूनच कात्रज, बोपदेव आणि दिवे हे घाट ओलांडावे लागतात. पश्चिमेकडे सह्याद्रीपर्यंत उंचवटे वाढत जातात. शहराच्या आत वेताळ, हनुमान, बाणेर-पाषाण, पर्वती, तळजाई अशा टेकड्यांनी लहान-लहान खोलगट कप्पे केले आहेत. पूर्वेची बाजू मात्र मोकळी आहे. मुळा-मुठा संगमानंतर येरवडा, मुंढवा, मांजरीकडून पूर्वेला निघून जाते. तेव्हा पुण्याला पूर्वेकडून तोटी असलेलं भांडं म्हणणं जास्त बरोबर.

रात्री उतारावरची हवा जमिनीबरोबर गार होते आणि जड होऊन खाली सरकते. हे पर्वतीय वारे. त्यांचा वेग फार नसतो, अंगाला जेमतेम जाणवतील इतपत. पण ते रात्रभर वाहतात आणि पाण्याच्याच वाटेने जातात. कात्रजवरून आंबील ओढ्याने खाली, पाषाणच्या खोऱ्यातून रामनदीने, आणि शेवटी मुठा-मुळेच्या पात्रातून पूर्वेला. सप्टेंबर २०१९च्या पुरात आंबील ओढ्याचं पाणी कुठून कुठे गेलं ते ज्यांनी पाहिलं, त्यांना रात्रीची गार हवा कुठून जाते हे वेगळं सांगायला नको. फरक एवढाच की पाण्याला वाट अडली तर तुंबलेलं दिसतं, हवेचं तुंबणं दिसत नाही.

या सरकण्याच्या खुणा हवामान खात्याच्या रोजच्या आकड्यांत सापडतात. हिवाळ्यात पाषाण, एनडीए, शिवाजीनगर इथलं किमान तापमान लोहगाव, कोरेगाव पार्क, मगरपट्टा यांच्यापेक्षा बरेचदा काही अंशांनी कमी असतं. यात दाट सिमेंटच्या वस्तीची ऊबही मिसळलेली असते. पण खोलगट भागात गार हवा साचते हे मुख्य कारण आहे. म्हणून पाषाणला स्वेटर जास्त लागतो, आणि तिथे कोणी कचरा पेटवला तर धूर जास्त वेळ रेंगाळतो.

उतारावरून येणारी ही हवा मुळात स्वच्छ असते, हे लोकांच्या लक्षात येत नाही. उतार मोकळा, झाडी-गवताचा असेल तर ती खालच्या वस्तीला रात्रभर थोडी थोडी ताजी हवा पुरवते. उतारावरच वस्ती झाली, भट्ट्या लागल्या, रस्ता गेला, की तीच हवा धूर गोळा करत खाली उतरते. डोंगर तोच, वारा तोच, पण आधी तो हवा धुऊन काढायचा आणि आता घाण आणून टाकतो.

डिसेंबर-जानेवारीतला एक दिवस घड्याळाप्रमाणे पाहू. संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सात-साडेसातपर्यंत झाकण खाली यायला लागतं, आणि नेमकी तीच ऑफिस सुटण्याची वेळ. म्हणून रात्री आठ ते अकराच्या दरम्यान धुरकं एकदा चढतं. मध्यरात्रीनंतर रहदारी कमी होते, पण शेकोट्या धुमसत राहतात आणि साचलेलं बाहेर पडत नाही. पहाटे सहापासून पुन्हा भर पडते: पाणी तापवायचे बंब, झाडलोट, शाळेच्या बस, दुधाच्या-भाजीच्या गाड्या. सूर्य सात-सव्वासातला उगवतो, पण उगवल्याबरोबर हवा सुधारत नाही. उलट आठ ते साडेनऊ ही बरेचदा दिवसातली सगळ्यात वाईट वेळ असते. एक तर रहदारी ऐन भरात असते. दुसरं म्हणजे जमीन तापू लागली की घुसळण खालून सुरू होते, आणि रात्रभर वरच्या पट्ट्यात आडवा पसरलेला धूर त्या घुसळणीबरोबर खाली नाकापर्यंत येतो. दहा-अकराच्या सुमारास झाकण फुटतं. दुपारी तीन ते पाच ही सगळ्यात चांगली वेळ.

याचा अर्थ साधा आहे. डिसेंबर-जानेवारीत पळायला जायचं तर पहाटे साडेपाच-सहाला जाऊ नका. 'पहाटेची शुद्ध हवा' हे वाक्य पुण्यात जुलैत खरं आहे, जानेवारीत नाही. दुपारी साडेतीन ते साडेपाच उत्तम. ते जमत नसेल तर सकाळी दहानंतर. तेही जमत नसेल तर सकाळी टेकडीचा पायथा सोडून माथ्यावर जा, म्हणजे झाकणाच्या वर. चढताना मात्र धुरक्यातूनच जावं लागतं, म्हणून चढण सावकाश करा आणि व्यायाम वर गेल्यावर. दमा, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) किंवा हृदयविकार असेल तर चढण्याच्या फंदात न पडता दुपारचीच वेळ धरा.

पुण्याचं एक नशीब आहे. इथे झाकण जवळजवळ रोज फुटतं. आपण साडेअठरा अक्षांशावर आहोत, जानेवारीतही दुपारचं ऊन जमीन चांगली तापवतं. सगळ्या डोंगरी गावांना हे भाग्य नाही. काठमांडू सुमारे १,३०० ते १,४०० मीटरवर आहे आणि चारही बाजूंनी दोन हजार मीटरच्या वरचे डोंगर. वीटभट्ट्या आणि गाड्यांचा धूर हिवाळ्यात तिथे बराच काळ कोंडतो. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत दोन्ही बाजूंना डोंगर, शिवाय जमिनीवर बर्फ. बर्फ ऊन परतवून लावतं, जमीन तापतच नाही, आणि तेच झाकण सलग कित्येक दिवस टिकतं. तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींनी पुण्याचं 'दुपारी जा' हे गणित लावू नये. झाकण न फुटण्याच्या दिवसांत तिथे दुपारही सकाळइतकीच वाईट असते, आणि डोंगरावर उंच जाणं हाच उपाय उरतो. पेनसिल्व्हेनियातलं डोनोरा हे नदीच्या अरुंद दरीतलं कारखान्यांचं गाव. ऑक्टोबर १९४८मध्ये तिथे असंच झाकण काही दिवस बसून राहिलं आणि २० माणसं गेली. कारखाने आधीही तेवढाच धूर सोडत होते. त्या आठवड्यात फक्त तो बाहेर पडू शकला नाही.

पावसाळ्याबद्दल फार लिहायला नको. जून ते सप्टेंबर नैऋत्येचा जोरदार वारा समुद्रावरून येतो, ढगांमुळे रात्री जमीन फार गार पडत नाही, पाऊस कण धुऊन नेतो. वर्षातली सगळ्यात स्वच्छ हवा तीच.

ऑक्टोबरात मोसमी वारे परतले की आकाश मोकळं होतं, वारा मंदावतो आणि जमीन सुकून धूळ उडायला लागते. झाकण बनायला सुरुवात इथूनच होते. दिवाळी या चढणीवर कुठे पडते यावर बरंच अवलंबून असतं. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आली तर रात्री अजून उबदार असतात, नोव्हेंबरच्या मध्यावर आली तर झाकण बरंच खाली आलेलं असतं. फटाके वाजतात त्या दोन्ही वेळा, लक्ष्मीपूजनाची रात्र आणि नरक चतुर्दशीची पहाट, या झाकण खाली असण्याच्याच वेळा आहेत. शिवाय याच महिन्यांत वीटभट्ट्या पेटतात आणि उसाचं पाचट जाळणं सुरू होतं.

ढगाळ दिवसाची एक खोच सांगितली पाहिजे. हिवाळ्यात आभाळ आलं की रात्री झाकण कमजोर असतं, त्यामुळे पहाट त्या मानाने बरी जाते. पण दिवसाही ऊन नसल्याने घुसळण होत नाही, आणि दुपार नेहमीइतकी चांगली निघत नाही. अवकाळी पाऊस पडून गेला की हवा धुतली जाते, मात्र दुसऱ्या दिवशी आकाश निवळलं आणि वारा पडला तर ओल्या जमिनीवर धुकं आणि धूर एकत्र होतात. बाहेरून येणारी धूळ हा आणखी वेगळा प्रकार. जानेवारी २०२२मध्ये वायव्येकडून आलेल्या धुळीने मुंबई आणि आसपासचा भाग झाकून टाकला होता, गाड्यांवर पांढरट थर बसले होते. असं होतं तेव्हा पीएम १० (दहा मायक्रोमीटरपर्यंतचे कण) एकदम वर जातं आणि पीएम २.५ त्या प्रमाणात वाढत नाही. हा फरक दिसला तर धूळ बाहेरची समजावी. त्या दिवशी दुपारचाही उपयोग नाही.

उन्हाळ्यात सूक्ष्म कण कमी होतात, पण दुसरी गोष्ट वाढते: जमिनीलगतचा ओझोन, श्वासाला त्रास देणारा वायू. तो कोणी सोडत नाही. गाड्यांचे नायट्रोजन ऑक्साइड आणि इंधनाच्या वाफा यांच्यावर कडक ऊन पडलं की तो हवेत तयार होतो. म्हणून तो दुपारी एक ते चारमध्ये जास्त असतो, आणि भर रस्त्यापेक्षा शहराच्या कडेला आणि उंचावर जास्त. रस्त्यालगत ताजा धूर त्याला खाऊन टाकतो, टेकडीवर खाणारं कोणी नसतं. म्हणजे हिवाळ्याचा नियम मार्च-मेमध्ये उलटा करायचा: सकाळी लवकर बाहेर पडा, दुपारी टाळा. संध्याकाळी पश्चिमेकडून गार झुळूक येते ना, ते घाट चढून आलेले खारे वारे. ते आल्यावर हवा पुन्हा बरी होते.

सर्वाधिक गोंधळ ॲपवरच्या आकड्यांनी होतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) मागच्या चोवीस तासांच्या सरासरीवर निघतो. सकाळी आठ वाजता '११०, मध्यम' दिसतं तेव्हा त्यात काल दुपारची चांगली हवाही मिसळलेली असते. त्या क्षणाचं पीएम २.५ त्याहून कितीतरी वाईट असू शकतं. दुपारी चारला उलट होतं: हवा चांगली झालेली असते, पण आकडा सकाळचं ओझं वाहत असतो. म्हणून निर्णय घ्यायला एक्यूआय न बघता पीएम २.५चा ताशी आकडा, तोही मायक्रोग्रॅममध्ये, बघा. ३०पर्यंत निश्चिंत, ६०पर्यंत निरोगी माणसाने चालायला हरकत नाही, ९०च्या वर पळणं बंद आणि १२०च्या वर मुलं-वृद्धांनी घरात. हे टप्पे आपल्या एक्यूआयच्या पायऱ्यांवरूनच घेतले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची मर्यादा याहून फार कडक आहे, चोवीस तासांसाठी १५.

दुसरी चूक म्हणजे दोन देशांचे एक्यूआय एकमेकांशी ताडून बघणं. पीएम २.५ जर ६० असेल तर भारतीय एक्यूआय १०० येतो, म्हणजे 'समाधानकारक'ची शेवटची पायरी. अमेरिकी पद्धतीने तीच हवा १५०च्या वर जाते आणि लाल दिसते. बऱ्याच खासगी ॲपमध्ये अमेरिकी पद्धत असते. कुणीच खोटं बोलत नसतं, मोजपट्ट्या वेगळ्या आहेत.

तिसरी गोष्ट स्वस्त सेन्सरची. दोन-चार हजारांत मिळणारे सेन्सर लेझरचा प्रकाश किती विखुरतो त्यावरून कण मोजतात. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर गेली की कण पाणी शोषून फुगतात आणि सेन्सर त्यांना मोठे समजून आकडा वाढवतो. पहाटे दव पडलेलं असताना हे हमखास होतं. सरकारी केंद्रातल्या यंत्रात हवा आत घेतानाच थोडी तापवून कोरडी करतात, म्हणून तो आकडा जास्त भरवशाचा. सोसायटीत सेन्सर लावायचाच असेल तर जमिनीपासून तीन ते पाच मीटरवर, स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टपासून, जनरेटरपासून आणि पार्किंगपासून लांब लावा. आधी जवळच्या सरकारी केंद्राच्या शेजारी आठ-पंधरा दिवस चालवून आकडे ताडून घ्या, म्हणजे किती टक्के जास्त दाखवतो ते कळतं. एवढं केलं नाही तर तो सेन्सर 'वाढलं की कमी झालं' एवढंच सांगू शकतो. तेही कमी उपयोगाचं नाही.

आता सोसायटीने काय करायचं. एक किलो कचरा उघड्यावर जाळला की साधारण आठ-दहा ग्रॅम सूक्ष्म कण निघतात. दहा ग्रॅम ऐकायला काहीच नाही. पण हिवाळ्यातल्या निश्चल पहाटे तो धूर शंभर मीटर लांब, शंभर मीटर रुंद आणि तिसऱ्या मजल्याइतक्या, म्हणजे दहा मीटर उंचीच्या हवेत अडकला, तर तेवढ्या जागेत दर घनमीटरला शंभर मायक्रोग्रॅमची भर पडते. पालापाचोळ्याच्या एका टोपलीने एवढं होतं, आणि त्यावर प्लास्टिक पडलं असेल तर विषारीपणा आणखी वेगळा. वॉचमनने रात्री शेकोटी पेटवू नये असं वाटत असेल तर नुसती नोटीस लावून काही होत नाही, त्याला थंडी वाजत असते. जाड ब्लँकेट, स्वेटर, केबिनला दार आणि एक छोटा इलेक्ट्रिक हीटर द्या. एका हिवाळ्याचा हा खर्च सोसायटीला जड नाही. पाचोळ्यासाठी तीन फूट लांब-रुंद-खोल खड्डा किंवा जाळीचा पिंजरा करा. एक थर पाचोळा, वर पातळ थर शेणाचा किंवा जुन्या खताचा, मग थोडं पाणी. मुठीत दाबल्यावर ओल जाणवली पाहिजे पण पाणी गळता कामा नये. पंधरा दिवसांनी खालीवर केलं की तीन-चार महिन्यांत खत होतं. न कुजण्याचं कारण बहुतेक वेळा कोरडेपणा असतो.

जनरेटरची आठवड्याची चाचणी सकाळी आठला न करता दुपारी दोन ते चारमध्ये घ्या. आवार झाडण्यापूर्वी पाण्याचा हलका शिडकावा करा, आणि जमत असेल तर झाडणं दहानंतर ठेवा. शाळेची बस फाटकाशी इंजिन चालू ठेवून उभी राहत असेल तर ते बंद करायला सांगा. ही सगळी कामं दिवसातून एकदाच होतात, नुसती वेळ बदलायची आहे, म्हणून मी त्यांना महागड्या उपायांच्या वर ठेवतो. चौकात उभारलेल्या हवा शुद्ध करणाऱ्या मनोऱ्यांवर माझा विश्वास नाही. आधीच्या हिशेबातली १५ घनकिलोमीटर हवा एका मनोऱ्यातून गाळून काढायची म्हटलं तर तो समुद्र लोट्याने उपसण्याचा प्रकार होतो.

घरात: डिसेंबर-जानेवारीत रस्त्याकडच्या खिडक्या संध्याकाळी सातपासून सकाळी दहापर्यंत लावून ठेवा आणि बारा ते पाच सताड उघडा. मात्र बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर त्याची खिडकी कधीही बंद करायची नाही, कार्बन मोनॉक्साइडने माणसं जातात. एअर प्युरिफायर घ्यायचा तर खोलीच्या मापाने घ्या. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंच खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. तासात पाचदा ती गाळायची तर ताशी १७० घनमीटर क्षमता हवी. खोक्यावर सीएडीआर म्हणून हाच आकडा असतो. बाहेर जायचंच असेल तर चेहऱ्याला घट्ट बसणारा एन ९५ मास्क. रुमाल आणि सर्जिकल मास्क या कणांना पुरेसे अडवत नाहीत.

आता शहराच्या पातळीवरचा मुद्दा, आणि मला तो सगळ्यात जवळचा आहे. पुण्यात १:५पेक्षा तीव्र (पाच मीटर आडवं जाताना एक मीटरहून जास्त चढणाऱ्या) उतारावर बांधकामाला बंदी आहे, आणि १९९७मध्ये महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे. यावरची चर्चा झाडं आणि पक्षी यांच्यापाशीच थांबते. पण उतार मोकळा ठेवण्यामागे हवेचं कारण तेवढंच मोठं आहे. जर्मनीतलं श्टुटगार्ट असंच खोलगट भागात वसलेलं, मंद वाऱ्याचं शहर. तिथे महापालिकेत १९३८पासून हवामानतज्ज्ञ आहेत, रात्रीची गार हवा कोणत्या उतारावरून कोणत्या दरीने शहरात येते याचे नकाशे आहेत, आणि त्या वाटांवर इमारती उभ्या राहू नयेत म्हणून ते नकाशे नगररचनेत वापरले जातात. पुण्याला यासाठी नवं काही शोधायचं नाही. आपल्या वाटा ओढ्या-नाल्यांच्याच आहेत. ओढ्याच्या तोंडाशी आडवी उंच इमारत उभी केली की पाणी आणि हवा दोन्ही तुंबतात. विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा 'पूररेषा' या शब्दाबरोबर 'रात्रीच्या हवेची वाट' हेही लिहून द्या, आणि ओढा कुठून कुठे जातो त्याचा नकाशा जोडा.

उद्या सकाळ कशी जाईल हे रात्री नऊलाच बऱ्यापैकी सांगता येतं. तारे स्पष्ट दिसतायत, गॅलरीत उदबत्ती लावली तर धूर सरळ वर जातोय, आणि आजच्या कमाल-किमान तापमानात पंधरा अंशांहून जास्त फरक आहे, असं असेल तर सकाळ वाईट धरा. जानेवारीत पुण्यात हा फरक साधारण १८ अंशांचा असतो, जुलैत जेमतेम सहाचा.

आणि झाकण स्वतः मोजायचं असेल तर दोन एकसारखे डिजिटल थर्मामीटर घ्या. रात्री दोन्ही एकाच टेबलावर ठेवून आकड्यांतला फरक लिहून ठेवा, नाहीतर थर्मामीटरमधली तफावतच मोजली जाते. सकाळी साडेसहाला एक जण टेकडीच्या पायथ्याशी, दुसरा माथ्यावर. थर्मामीटर खिशातून काढून अंगापासून हातभर लांब, भिंत आणि कातळापासून दूर धरा आणि आकडा स्थिर व्हायला पाच मिनिटं द्या. दोनशे मीटर वर हवा दोन अंशांनी गार असायला हवी. वरची हवा खालच्यापेक्षा उबदार निघाली तर मध्ये झाकण आहे. त्याच जागी दर अर्ध्या तासाने आकडे घेत राहा. ज्या वेळी वरचा आकडा खालच्याहून दीड-दोन अंशांनी कमी होतो, त्यानंतर तासाभरात टेकडीवरून दिसणारी ती तपकिरी कड विरायला लागते. तुमच्या भागात खिडक्या उघडायची वेळ ती.